पॉलिसीतले नऊ लाख आणि रडकी भूमिका

प्रश्न : मी फैजपूरचा, वय 36, आता मुंबईत. सहा वर्षं एका विनोदी मालिकेत आहे. महिन्याला 15 दिवस शूटिंग, दिवसाचे 8 हजार. आता मी नुसता उभा राहिलो तरी लोक हसतात. मालिका सोडून गंभीर भूमिकांसाठी वर्षभर थांबावं म्हणतो. अमेरिकी अभिनेता ब्रायन क्रॅन्स्टनलाही विनोदी मालिकेनंतरच ‘ब्रेकिंग बॅड’ ही गंभीर मालिका मिळाली. पत्नी, चार वर्षांची मुलगी, घरखर्च 70 हजार. बँकेत अडीच लाख, मामेभावाकडून घेतलेल्या विमा पॉलिसीत 9 लाख. टीडीएस, म्हणजे मानधनातूनच आयकर, कापला जातोच, म्हणून रिटर्न भरत नाही. वर्ष निघेल ना?

उत्तर : नाही निघणार. ते 9 लाख तुमच्याकडे नाहीतच.

तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या फोटोत ‘72 लाख’भोवती मामेभावाने निळ्या पेनाने दोनदा गोल काढलाय. वर्षाला 3 लाख, असे दहा वर्षं भरायचे. बारा वर्षं झाली की वीस वर्षं दरसाल 3 लाख 60 हजार घ्यायचे. तिसाचे बहात्तर! मधली वर्षं मोजा, परतावा जेमतेम साडेपाच टक्के पडतो. आज तिसऱ्या हप्त्यानंतर मोडलीत तर नियमाने किमान हमी भरलेल्या रकमेच्या 35 टक्के, म्हणजे सव्वातीन लाखही नाहीत. कंपनी थोडे वर देईल, पण 9 लाख विसरा. आणि विमा किती? 30 लाख. साधा एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा, तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास मिळतो. ‘आपलाच माणूस आहे’ असं लिहिलंय तुम्ही. असणारच. असल्या पॉलिसी परक्या माणसाकडून कोण घेतं?

आता खरा हिशेब. शूटिंगचे पैसे 90 दिवसांनी येतात, म्हणजे मालिका सोडल्यावरही तीन महिन्यांचे, टीडीएस जाऊन, सव्वातीन लाख येतील. त्यात बँकेतले अडीच. पावणेसहा लाख, म्हणजे आठ महिने. तेही चौथा हप्ता न भरता.

रिटर्न मात्र याच वर्षीपासून भरा. वर्षाची कमाई 14 लाख 40 हजार. मॅनेजरचं कमिशन, प्रवास, कपडे असा धंद्याचा खरा खर्च तीनेक लाख निघाला, तर उत्पन्न 12 लाखांच्या आत येतं आणि नव्या करप्रणालीत कर शून्य. कापलेले 1 लाख 44 हजार परत मिळतात. दोन महिन्यांचा घरखर्च तुम्ही सरकारकडे ठेवून येताय, तोही न मागता.

क्रॅन्स्टनचं म्हणाल, तर त्याने मालिका सोडली नव्हती. ‘माल्कम इन द मिडल’ 2006 मध्ये संपली. आणि ‘ब्रेकिंग बॅड’च्या निर्मात्याला तो आठवला तो ‘एक्स-फाइल्स’च्या 1998 मधल्या एका भागामुळे, म्हणजे ती विनोदी मालिका सुरू होण्याच्याही आधीच्या छोट्या गंभीर कामामुळे. तुम्हाला तसं एखादं काम हवंय, रिकामं वर्ष नकोय. तुमच्या मालिकेच्या निर्मात्याशी बोलून महिन्याच्या 15 चे 10 दिवस करून घ्या. 80 हजार येतील, टीडीएस जाऊन 72. घर चालेल, हातात पाच दिवस जास्तीचे राहतील. तुमचे वडील केळीची कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) लावताना उभी मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) उपटतात का?

चौथा हप्ता मार्चमध्ये आहे. त्याआधी मामेभावाला फोन न करता कंपनीच्या शाखेत जा आणि दोन आकडे लेखी मागा : आज मोडली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच कमी रकमेने चालू ठेवली, तर किती. ते आले की मला पाठवा. पण टर्म विमा हातात आल्याशिवाय जुनी मोडू नका.