भिंतीतलं गाडगं कोणाचं?

प्रश्न : ठाण्यात चरईला आजेसासऱ्यांनी १९३२ साली बांधलेलं आमचं घर आहे. मागच्या महिन्यात पुनर्विकासासाठी ते पाडताना एका मजुराला भिंतीत गाडगं सापडलं. आत चांदीची ६० नाणी निघाली, काही फारसी अक्षरांची, काही राणीछाप, काही पंचम जॉर्जची. मजुराला दोन हजार देऊन "कुठे बोलू नकोस" असं सांगितलं. शिवाय सासऱ्यांनी जमवलेल्या शिवराई नाण्यांचा (मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यांचा) अल्बम आहे. पुतण्या जर्मनीत असतो, तो म्हणतो, सगळं तिकडे नेऊन विकतो. देऊ का?

उत्तर : ताई, आधी पुतण्याला थांबवा. शंभर वर्षं झालेलं नाणं कायद्याने पुरावशेष ठरतं आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. गुन्हा शाबीत झाला तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, वर दंड. "आमच्याच घरातलं आहे" हे विमानतळावर कोणी ऐकून घेत नाही.

अल्बमची काळजी नको. तो सासऱ्यांचा, आता वारसांचा. जुनी नाणी जमवणं गुन्हा नाही; मूर्ती, चित्रांना लागते तशी सक्तीची नोंदणीही नाण्यांना नाही. विक्रीचा धंदाच करायचा असेल तर मात्र परवाना लागतो. खरेदीच्या जुन्या पावत्या सापडल्या तर जपा, आणि अल्बममधलं एकही नाणं गाडग्यातल्या नाण्यांत मिसळू देऊ नका.

कारण गाडग्याला वेगळा कायदा लागतो, १८७८ चा, ज्याला आपण गुप्तधनाचा कायदा म्हणतो. त्यातली मर्यादाही तेव्हाचीच आहे : दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन! जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडवलेली वस्तू त्यात येते, म्हणजे भिंत आलीच. काय, किती, कुठे, कधी सापडलं हे लवकरात लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. ही जबाबदारी ज्याला सापडलं त्याची, इथे मजुराची. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद. तुम्ही पैसे देऊन त्याला गप्प केलंत. न कळवण्याला जागामालकाने साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि त्याचा वाटा सरकारजमा होतो.

वाट्याचंही ऐका. धन बेवारस ठरलं आणि तुमच्यात काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक हिस्सा जागामालकाचा. म्हणजे ४५ नाणी मजुराची, १५ तुमची. दोन हजारांत त्याने हक्क सोडला असं कोणतंही न्यायालय सहजासहजी मानणार नाही.

पण तुमच्या पत्रातच तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. नाणी किती जुनी यापेक्षा ती दडवली कधी, याला इथे महत्त्व आहे. फारसी अक्षरांचे रुपये पेशवाईतलेही असू शकतात, कारण मराठ्यांच्या टांकसाळी मोगल बादशहाच्या नावानेच रुपये पाडत. अंकुशाची खूण दिसते का पाहा. ते दोनशे वर्षांचे निघाले तरी गाडगं मात्र आतल्या सर्वांत नव्या नाण्याच्या आधी बंद झालेलं नसतं, आणि १९३२ च्या भिंतीत ते १९३२ पूर्वी गेलेलं नसणार. म्हणजे शंभर वर्षांच्या आतलं. असं धन आपल्या पूर्वजाने ठेवलं, असा दावा सकृद्दर्शनी पटला तर जिल्हाधिकारी चौकशी तहकूब करून दिवाणी दाव्यासाठी मुदत देतात. दावा जिंकलात तर वाटणीचा प्रश्न उरत नाही. (चुलत सासऱ्यांची मुलं हक्क सांगायला येतील, तो भाग वेगळा.) मिळकत पत्रिका, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, बांधकामाचा नकाशा आत्ताच शोधून ठेवा. बिल्डरच्या ताब्यात काही कागद गेले असतील तर तेही परत मागा.

नाणी चिंच किंवा राखेने घासू नका, वितळवू तर मुळीच नका. आहेत तशी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजनं लिहा, गाडग्याच्या खापराही ठेवा. अर्जासोबत नाणी सरकारी कोषागारात जमा करावी लागतील किंवा तारण द्यावं लागेल. झालेला उशीर अर्जात स्वतःहून लिहा, लपवू नका. सोमवारी कोर्ट नाक्याला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. अर्जावर मजुराचंही नाव आणि सही हवी, तेव्हा त्याला सोबत घेऊनच जा.