इमारत पाहावी की रांग?

प्रश्न : मुलीला बीडीएससाठी (दंतवैद्यकाच्या पदवीसाठी) दोन महाविद्यालयांत प्रवेश मिळू शकतो. एकाची इमारत नवी व चकचकीत आहे. दुसरे जुने आहे, पण तेथे सकाळपासून रुग्णांची रांग असते. निवड कशी करावी?
– एक पालक, सातारा

उत्तर : रांगेकडे आधी पाहा. पहिल्या वर्षी विद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतात, पुढे कृत्रिम जबड्यावर पोकळी भरायला शिकतात. मात्र तिसऱ्या वर्षापासून खुर्चीत जिवंत माणूस बसलेला असतो, आणि तो नसेल तर चार वर्षांचा अभ्यासक्रम व त्यानंतरची आंतरवासिता (इंटर्नशिप) कोरडीच जाते. खुर्च्या किती, यापेक्षा त्यांपैकी किती चालू आहेत, हे मोजा. निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह कोठे आहे तेही विचारा आणि उपकरणे प्रत्येक रुग्णासाठी बंद पाकिटातून निघतात का, हे डोळ्यांनी पाहा.

डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातील पहिले दंतमहाविद्यालय सुरू केले, तेव्हा आजच्यासारखा थाट कोठून असणार? व्यवसायाचे आदर्श भिंतीवरच्या फलकातून क्वचितच कळतात (फलक मात्र सगळीकडे असतो). वाचण्याजोगी दाढ काढण्याची घाई न करता, रूट कॅनाल व दात काढणे या दोन्हींचा खर्च रुग्णाला त्याच्या भाषेत सांगून मगच संमती घ्यायला शिक्षक शिकवतात का, हे बाह्यरुग्ण विभागातील बाकावर तासभर बसलात तरी समजेल. मुलीलाही सोबत न्या.