ब्रेक तपासायचेत? आधी आकडा मागा

भाऊ, गॅरेजवाला ‘पॅड गेले, डिस्कही बदला’ म्हणाला की एवढ्यावर हो म्हणू नका. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, पॅड म्हणजे तिला दाबून गाडी थांबवणारे तुकडे. चाक काढायला लावा आणि पॅड किती मिलिमीटर उरलाय ते स्वतः पाहा. नवा साधारण 10 ते 12 मिमी असतो. 3 मिमीच्या आसपास आला की बदलायचाच. आतल्या बाजूचाही पॅड बघा, तो बऱ्याचदा आधी झिजतो. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून घ्या. जळगावात एका गॅरेजवाल्याने मला चारही चाकांच्या पॅड-डिस्कचा खर्च सांगितला होता. माझ्या गाडीला मागे डिस्क नव्हे, ड्रम ब्रेक आहेत, त्यात हे पॅड नसतातच! दुसऱ्याने मोजले तर पुढचे पॅड 6 मिमी.

पहिलं मत घ्यायचं ते शक्यतो पार्ट विकण्यात ज्याचा फायदा नाही त्याचं. तपासणीची मजुरी खुशाल द्या, फुकटची तपासणी महागात पडते.

मिस्त्रीला लक्षण नेमकं सांगा: पेडल मऊ लागतं, गाडी एका बाजूला ओढते, की ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं? तिन्हींची कारणं वेगळी.

ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून नुसतं भरू नका. पॅड झिजले की पातळी उतरतेच, नाहीतर गळती असते. ते ओल शोषतं, म्हणून साधारण 2 वर्षांनी बदला. नाहीतर कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरताना ते तापून उकळतं आणि पेडल थेट खाली जातं. घाटात गिअर खालचाच ठेवा.