वाचकांचे प्रश्न : फियाटचे हरवलेले दार

प्रश्न : वडिलांची १९७२ सालची फियाट ११०० डिलाईट पुन्हा रस्त्यावर आणतो आहे. चालकाच्या बाजूचे पुढचे दार गंजून गेले होते. कुर्ल्याहून ‘डिलाईटचेच’ म्हणून आणलेले दार काही केल्या बसत नाही, कारण त्याच्या बिजागऱ्या मागच्या कडेला आहेत. योग्य दार ओळखायचे कसे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दुकानदाराने कदाचित फसवले नसेल; जुन्या बाजारात प्रत्येक फियाट ‘डिलाईट’ असते, तशी प्रत्येक जुनी फियाट ‘डुक्कर’ही (पन्नाशीच्या दशकातल्या फियाटचे टोपणनाव) असते. नावावर न जाता पत्र्याकडे पाहावे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये ११०० डिलाईट आणली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली, त्यामुळे जाळी, दिवे व सजावट बदलत गेली तरी आपल्याला पद्मिनीचे दार चालण्याची शक्यता बरीच आहे. त्याउलट, पन्नाशीच्या दशकातल्या ११०० ची पुढची दारे मधल्या खांबाला लटकत आणि उलटी उघडत. आपल्या हाती त्यातलेच एखादे आले असावे. मात्र त्याआधी एक शंका फेडून घ्यावी. मागच्या दाराच्याही बिजागऱ्या मधल्या खांबाकडेच असतात, पण त्याच्या खालच्या मागील कोपऱ्यात चाकाच्या कमानीसाठी पत्रा गोलाईत कापलेला दिसतो. तसा काप असेल, तर आपण मागचेच दार विकत घेतले आहे.

पुढच्या खेपेस जाताना गाडीच्या चौकटीवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवून, कडेवर पेन्सिल घासून पूर्ण आकाराचा साचा उतरवावा. त्यावर दोन बिजागऱ्यांच्या मध्यांतील अंतर, कुलपाच्या जिभेची उंची आणि बाहेरच्या पत्र्यावरून जाणारी आडवी कड कुठे येते, एवढे नोंदवावे. दुकानात साचा दारावर ठेवला की वाद आपोआप मिटतो. मग लोहचुंबक फिरवावा. तो जिथे धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी किंवा फायबर आहे. दाराची आतली कड नखाने खरवडून पाहिल्यास खाली काळा रंग निघाला, तर ते बहुधा टॅक्सीचे दार आहे. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली, तेव्हा असा माल बाजारात आहे. तो टाकाऊ नसतो, पण ठोकून ठोकून पातळ झालेला असू शकतो. दाराचा तळ गंजलेला, परंतु वरची चौकट सरळ असेल, तर माझे मत असे की ते खुशाल घ्यावे. तळाला नवा पत्रा जोडणे कोणत्याही बऱ्या डेंटरला जमते, पिळवटलेली चौकट सरळ करणे मात्र क्वचितच कुणाला साधते.

मुंबईत काम न झाल्यास पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी, शक्यतो सकाळीच, चक्कर मारावी. दिल्लीचे मायापुरी आणि चेन्नईचे पुदुपेट्टई येथेही जुना पत्रा मिळतो, पण इतक्या लांबून दार मागवायचे तर आधी मोजपट्टी लावून काढलेली छायाचित्रे मागवावीत.

प्रश्न : त्याच गाडीला फायबरचे मडगार्ड बसवले, तर ‘व्हिंटेज’ नोंदणीस अडचण येईल का?

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांना ही नोंदणी मिळते. आपली गाडी वयात बसते. आधीची नोंदणी असल्यास जुना क्रमांकही राखता येतो. एका मडगार्डाला ‘मोठा फेरफार’ म्हणता येईल का, यावर वाद होऊ शकतो आणि तो आपण अंगावर घेऊ नये, पत्र्याचेच बसवावे. मात्र अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोज कामावर नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशाच कारणांसाठी बाहेर काढता येते, हे ध्यानात घेऊन अर्ज करावा.

प्रश्न : इटलीहून सुटे भाग मागवावेत का? (पुण्यातील एक वाचक)

उत्तर : रबर, काचेच्या पट्ट्या आणि नावाची अक्षरे यांसाठी अवश्य, पण पुढचे दिवे मागवू नयेत. तेथील वाहतूक उजवीकडून चालत असल्याने त्यांचा खालचा झोत उजवीकडे अधिक पडतो, आणि आपल्या रस्त्यावर तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.