पाणी कुठून येते ते आधी बघ, अर्ज मग भर

प्रिय बाबू,

तुझे व्हॉइस मेसेज सगळे ऐकले. सेतूवाला म्हणते शेततळं टाक, बाबा म्हणतात विहीर खोल करू, मामा म्हणतात जेसीबी लावून वावर सपाट करून घे, मोबाईलवरचा कोणी म्हणते धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या हद्दीवर, झाडं लाव, अन् या सगळ्यांचं ऐकून तू मला विचारतोस की काका यातली कोणती योजना घेऊ. राग मानू नको, पण प्रश्नच उलटा आहे. योजना नंतर. आधी पाणी.

एवढ्या मेसेजमध्ये तू एकदाही सांगितलं नाही की पाऊस पडल्यावर तुझ्या साडेचार एकरात पाणी कुठून शिरते अन् कुठून बाहेर पडते. तुला ते माहीत नाही, अन् ते माहीत नसताना जगातला कोणीही तज्ज्ञ तुला मदत करू शकत नाही, तो फक्त त्याच्याजवळ जे आहे ते तुझ्या गळ्यात बांधेल. एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 4 हजार लिटर पाणी. 50 मिलिमीटरची एक झड आली की एकरात 2 लाख लिटर, तुझ्या वावरात 9 लाख, अन् वरच्या वावरातलं येते ते वेगळंच. एवढं पाणी तुझी माती घेऊन नाल्यात चाललं अन् तू पोर्टलवर बटन शोधत बसलास.

तर आता पेरण्या आटोपल्या आहेत, मोठा पाऊस आला की घरात बसू नको. पन्नी घे डोक्यावर अन् वावरात जा, पाऊस चालू असतानाच जा, उघडल्यावर गेलास तर अर्धं समजेल. विजा कडाडत असतील तेव्हा मात्र जाऊ नको. वरच्या धुऱ्यावर उभं राहून बघ पाणी कोणत्या जागेतून आत घुसते, मग त्याच्या मागं मागं चाल. तासातून, म्हणजे पेरणीच्या ओळीओळीतून, चाललं की तासं फोडून? सोयाबीनच्या दोन ओळींच्या मधात बोटभर नाली पडली असेल तिथं थांब, तिथूनच उद्या ओघळ होते. पाणी शिरताना नितळ अन् निघताना चहासारखं असेल तर समजून घे तुझ्या वावराचं काय जाते आहे. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात अन् ती जायला एक वाईट पावसाळा पुरते. जिथं शिरते, जिथं साचते, जिथून फुटून जाते, तिथं पऱ्हाटीची काडी रोवून चिंधी बांध. महाभूनकाशा या सरकारी साइटवरून तुझ्या गटाचा नकाशा काढ, प्रिंट मार, अन् घरी येऊन त्यावर पेनानं बाण काढ. बास, हाच तुझा प्लॅन आहे, बाकी सगळे त्यात भर घालतील.

उतार डोळ्यानं मोजू नको, डोळा फसवते. गवंडी लेव्हल काढायला वापरते ती पारदर्शक नळी आण, पाणी भर, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नको. दोन सारख्या काठ्यांवर इंचाच्या खुणा कर, नळीचं एकेक टोक एकेका काठीला बांध, एक तू धर एक बाबा धरतील, 50 फुटांवर उभं राहा. दोन्ही काठ्यांवरच्या पाण्यात 1 फुटाचा फरक आला तर उतार 2 टक्के. असं वरपासून खालपर्यंत जा. हा आकडा घेऊन गेलास तर समोरचा अधिकारीही खुर्चीत सरळ होऊन बोलते, हे मी बघितलेलं आहे.

हे कशाला एवढं घासून सांगतो? कारण जमिनीजमिनीत फरक आहे. तुझ्या वरच्या दीड एकरात मुरूम आहे, खालचं काळंभोर भारी. मुरमाडात समतल बांध, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेत चालणारा, घातला तर पाणी मुरते, चांगलं आहे. तोच बांध भारी काळ्यात घातला की पाणी तुंबते, पीक पिवळं पडते, उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात अन् पुढच्या जोराच्या पावसात तिथूनच भगदाड. काळ्यात ढाळीचा बांध पाहिजे, पाणी हळूहळू एका बाजूला नेऊन सांडव्यातून, म्हणजे जादा पाणी काढायच्या वाटेतून, सोडणारा. अन् सांडव्याला दगड पाहिजे, नाहीतर सांडवाच ओघळ होते. शेततळ्याचंही तसंच, काळ्यात पाणी बरंच टिकते, मुरमात प्लास्टिकशिवाय टिकत नाही. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं तळं जवळजवळ 9 गुंठे जागा खाते, वरून मातीचा ढीग. भरलं तर त्यात 22 लाख लिटर पाणी. भरलं तर! पाण्याच्या रस्त्यात नसेल तर ते कशानं भरणार सांग.

यावरूनच माझं गावात वाजलं होतं. तळं मंजूर झालं अन् एक साहेब आले, म्हणाले रस्त्याच्या कोपऱ्यात खोदू, मशीन तिथं सहज जाते. तो कोपरा माझ्या वावराचा सगळ्यात उंच. मी म्हटलं तिथं नाही खोदायचं. ते म्हणाले मग यंदा नाव कटते. कटू द्या म्हटलं. घरचे बोलले, पारावरचे बोलले, म्हातारा आलेली लक्ष्मी लाथाडते म्हणाले. पुढं नवीन अर्ज करून खालच्या अंगाला खोदलं, आत यायला गाळ अडवायचा खड्डा केला, बाहेर पडायला दगडी सांडवा केला, आज तुरीला फुलावर असताना अन् हरभऱ्याला एक संरक्षित पाणी, म्हणजे पावसाची ओढ पडली की पीक वाचवायला द्यायचं ते, त्यातून निघते. त्या वर्षीचं अनुदान गेलं त्याचं मला आजही काही वाटत नाही. उंचावरचं तळं घेतलं असतं तर ते अजून तिथं कोरडं पडलेलं असतं अन् 9 गुंठ्यांचं पीक दरवर्षी बुडालं असतं. मी बरोबर होतो, अन् तुलाही कधीतरी साहेबाला नाही म्हणावं लागेल, तेव्हा हातात बाणांचा नकाशा असला की आवाज कापत नाही.

आता मदत. मदत खूप आहे राजा, फक्त ज्याला जे येते तेच त्याला विचार. सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, म्हणजे आधीच्या कृषी सहाय्यकाकडे, कितीक गावं असतात, त्याला नुसतं फोनवर "काही योजना आहे का" विचारशील तर तो महाडीबीटी पोर्टलवर अर्ज कर म्हणून मोकळा होईल. त्याला वावरात आण, नकाशा दाखव, म्हण इथून पाणी फुटते, इथं काय बसते ते सांगा. तुझं गाव पोकराच्या, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, यादीत आहे का तेही त्यालाच विचार, 2018 पासून तो प्रकल्प विदर्भात आहे, गावाची समिती असते, तिच्या बैठकीला जाऊन बसत जा. बांधबंदिस्तीचं काम रोहयोतून होऊ शकते पण त्यासाठी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नाव पाहिजे, म्हणून ग्रामसभेत तोंड उघडावं लागते. कृषी विज्ञान केंद्रात माती घेऊन जा, मुरमाची वेगळी अन् काळ्याची वेगळी, एकत्र कालवू नको. विहीर खोल करायची की नाही ते बाबांच्या हट्टावर ठरवू नको, जिल्ह्याला भूजल सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथं विचार. सपाटीकरणासाठी मात्र कोणालाच विचारू नको, जेसीबीनं वरची काळी खाली दाबली अन् मुरूम वर आणला की त्या वावरात पुढची कित्येक वर्षं काही धड येत नाही. मामांना माझं नाव सांग.

अन् यंदा पैसे नसले तरी हात बांधून बसू नको. पुढच्या पेरणीला उताराला आडवं पेर. आत्ता डवरणीच्या वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला, म्हणजे कोळप्याचं पातं धरणाऱ्या दांड्याला, दोरी गुंडाळ, काही ओळींनंतर एक सरी पडते, पाऊस कमी झाला तर पाणी मुरते, जास्त झाला तर निचरा होते. खर्च दोरीचा.

एक खंत सांगतो. माझ्या वरचं वावर चुलतभावाचं. धुऱ्यावरून बोलणं बंद होतं. भांडण मी नव्हतं काढलं, हे आजही सांगतो, पण दोघांच्या मधला ओघळ दरवर्षी रुंद होत गेला अन् पाण्याला काय माहीत कोणाचा सातबारा. तो गेला तेव्हा ओघळात बैल उभा राहील एवढा खड्डा होता. मग त्याच्या पोराला घेऊन आम्ही वरपासून टप्प्याटप्प्यानं दगडांचे अनगड बांध घातले, आता गाळ बसून गवत आलं आहे. हे त्याच्यासोबत करायचं होतं मला. तुझ्या वरच्या वावरवाल्याशी तुझ्या बाबांचं पटत नाही हे मला माहीत आहे. तुझं तर त्याच्याशी काही नाही न? मग तू जा. पाणी त्याच्याकडून येते, तुझा प्लॅन त्याच्या धुऱ्यापासून सुरू होते.

अर्जाची घाई करू नको, खोदकाम तसंही वावर खाली झाल्यावर उन्हाळ्यातच होते. दोन-तीन मोठे पाऊस बघून घे, मग नकाशा घेऊन माझ्याकडे ये. नळी माझ्याकडे आहे, विकत घेऊ नको. बाबांनाही आण, पाणी कुठं तुंबते ते त्यांना तुझ्याहून जास्त माहीत आहे, तू कधी विचारलं नाहीस म्हणून ते विहिरीचंच बोलतात.

तुझा
काका