कातळावरच्या घराला पहिलं कलम

प्रश्न : ताई, नमस्कार. मिस्टर निवृत्त झाले आणि दिवाळीनंतर आम्ही डोंबिवलीचं बिऱ्हाड हलवून सासरच्या गावी, लांजा तालुक्यात राहायला आलो. घर कातळावर आहे. मागे पंधरा गुंठे उताराची जागा, तिच्या खाली भाताचा मळा. विहीर एप्रिलअखेर तळाला जाते असं वाडीतले सांगतात. पडवीसमोर हापूसचं एक कलम लावायचं, हे मी कित्येक वर्षं मनात धरून आहे. मुलगा म्हणतो, जेसीबी बोलावून कातळात खड्डा मारू. टेम्पोतून कलमं विकणारा एकजण पाच फुटी कलमं दाखवून गेला, पुढच्याच वर्षी आंबा धरेल म्हणाला. शेजारचे काका म्हणतात, हापूस कशाला, फणस लावा. काय करावं?
— एक वाचक, ता. लांजा

उत्तर : वहिनी, पडवीसमोर नको, आणि जेसीबीही एवढ्यात बोलावू नका. झाड कुठलं हे नंतर ठरवू. आधी जागा ठरवायची, कारण कलम एकदा रुजलं की पुढची पन्नास-साठ वर्षं ते तिथून हलत नाही.

देवगड-रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, कातळ फोडून, बाहेरून माती आणून हापूसच्या बागा उभ्या राहिल्या, हे खरं आहे. पण ज्यांनी त्या केल्या त्यांना कातळ वाचता येत होता. ते खालची भेग बघून खड्डा घेत. अखंड जांभ्यात नुसता चौकोन कोरला तर जुलैमध्ये त्याचं डबकं होतं आणि कलमाची मुळं त्यात कुजतात. वरून बघणाऱ्याला वाटतं की एवढ्या पावसात झाड सुकलं कसं! तुमच्या जागेत कातळ संपून तांबडी माती सुरू होते ती रेघ शोधा. पहार घेऊन उतारावर ठिकठिकाणी मारून बघा. जिथे पहार हातभर तरी खाली जाते तिथे छोटा खड्डा काढून संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळी पाणी उतरलेलं असेल तर जागा चांगली. तसंच राहिलं असेल तर दुसरीकडे चला. मळ्याच्या अगदी काठालाही नको, तिथे पावसाळाभर पाणी साचून राहतं. मळ्याच्या वर, उताराच्या मधल्या पट्ट्यात तुमचं झाड व्हावं असं मला पत्रावरून वाटतं.

पडवी सोडायला सांगते आहे, त्याचं मला वाईट वाटतं. पण वाढलेल्या हापूसच्या दोन कलमांत दहा मीटर अंतर ठेवतात, यावरून त्याचा घेर ओळखा. घराला चिकटून लावलं तर दहा-बारा वर्षांत फांद्या कौलांवर येतात, पन्हळीत पाला अडकतो आणि आधीच ओल धरणाऱ्या भिंतींना ऊन मिळत नाही. घरापासून तीस फूट लांब लावा. घरातून ते नीट दिसेल, आणि माकडं आली तर हाकलायलाही बरं पडेल. माकडांवर खात्रीचा उपाय मला कोणी दाखवलेला नाही. नजरेच्या टप्प्यात असलेलं झाड त्यातल्या त्यात राखता येतं.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. सातबारा कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे निम्म्याहून जास्त घरांची जमीन आजही सामाईक असावी असं वाटावं, इतके वाद माझ्या कानावर येतात. झाड लहान असतं तोवर कोणी काही बोलत नाही. ते धरायला लागलं की मुंबईचे पुतणे हिस्सा विचारतात आणि कलमावरून भावाभावांत अबोला होतो. मिस्टरांना सांगा, चुलत घरच्या मंडळींना बोलावून, चहा देऊन, कुठली बाजू आपली हे आधी बोलून घ्या आणि जमल्यास कागदावर आणा. लागवड झाली की ई-पीक पाहणीत झाडाची नोंदही करा. माझ्या मते हे काम खत घालण्याच्या आधीचं आहे.

आता हापूस. मला तो कोणाइतकाच प्रिय आहे, तरीही घरच्या खाण्यासाठी एकच कलम लावायचं असेल तर मी रत्ना लावेन. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ही जात काढली, 1981 मध्ये ती लागवडीसाठी दिली. फळ मोठं, रेषा नाही, साका (आतला गर पांढरट, न पिकता राहणं) होत नाही, आणि ती जवळपास दर वर्षी धरते. हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी बऱ्याचदा रुसतो. वरून सुरेख दिसणारं फळ कापलं की आत पांढरट साका निघतो, हे दुःख कोकणात प्रत्येक घराला माहीत आहे. शिवाय मोहराच्या दिवसांत ढग आले की तुडतुडे, भुरी, करपा अशी कीड आणि रोग. बागायतदार फवारणी करून निभावतो. तुम्हाला एका झाडासाठी ते जड जाईल.

हापूस मनात एवढी वर्षं धरला आहे, तेव्हा तो लावूच नका असं मी म्हणणार नाही. दोन्ही लावा, दहा मीटरवर. त्यात हापूसचाही फायदा आहे. स्वतःच्याच परागाने हापूसला फळधारणा नीट होत नाही, म्हणून त्याच्या बागेतही दहा टक्क्यांच्या आसपास केसर, रत्ना अशी दुसरी कलमं ठेवायला सांगतात. तुमच्या वाडीत रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेले गावठी आंबे असतीलच, त्यांचाही उपयोग होतो. कोणी हौसेने रायवळ तोडायला निघालं तर अडवा.

टेम्पोतली पाच फुटी कलमं घेऊ नका. पिशवीत इतकी वर्षं काढलेल्या कलमाची मुळं आतल्या आत गोल फिरून वेटोळी झालेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही ती सरळ होत नाहीत. असं कलम पहिल्या वर्षी चार आंबे देईलही, पण उन्हाळा आणि वारा सोसायला त्याच्या खाली काही नसतं. गुडघ्याएवढं, वर्षा-दीड वर्षाचं कोय कलम घ्या. सांधा एकजीव झालेला, पानं हिरवी आणि जून, कोवळी तांबूस पालवी नसलेली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा परवाना असलेल्या रोपवाटिकेतून घ्या आणि पावती जपून ठेवा. जात खरी की खोटी हे फळ धरल्यावरच कळतं, आणि तोवर पाच-सहा वर्षं गेलेली असतात.

हा अंक हातात पडेल तेव्हा एप्रिल असेल. खड्डा याच दिवसांत काढा, मीटरभर लांब, रुंद आणि खोल, आणि महिनाभर उन्हात तापू द्या. वरच्या हातभर थरातली माती वेगळी ठेवा, भरताना तीच वापरायची. तळाला पालापाचोळा, मग माती, चांगलं कुजलेलं शेणखत चार-पाच घमेली आणि दोन-तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. ताजं शेण घालू नका, त्यातून हुमणी आणि वाळवी येते. खड्डा जमिनीच्या वर वीतभर चढवून भरा, पावसात माती दबते. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की कलम लावा. सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, आणि त्यावरची प्लास्टिकची पट्टी आठवणीने कापा, नाहीतर खोडाला काच पडतो. शेजारी काठी रोवून सैल बांधा. सांध्याच्या खालून फूट आली तर लगेच खुडायची. ती खुंटाची, म्हणजे ज्या कोयीच्या रोपावर कलम बांधलं त्याची फूट असते, तिला वाढू दिलं तर वरचं कलम मागे पडून तुम्हाला शेवटी रायवळच मिळेल. पहिली तीन वर्षं मोहर आला तरी काढून टाका. जड जाईल, पण काढा.

खरी परीक्षा पुढच्या मार्चला. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या वर्षी एकदा, तिसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा, दर वेळी दोन बादल्या. विहीर तळाला जाते म्हणता, तर कलमाजवळ मातीचं मडकं पुरा, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घाला. भरलेलं मडकं हळूहळू झिरपत राहतं. बुंध्याभोवती पेंढा पसरा, पण खोडाला टेकवू नका. पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झावळ्या उभ्या केल्या की दुपारचं ऊन अडतं.

भात कापून झालं की वाडीतली गुरं मोकळी सुटतात, तेव्हा त्याच्या आधी वई, म्हणजे कुंपण, झाली पाहिजे. करवंदीच्या काट्या रचल्या तरी चालतील, दगड आहेत तर दगड रचून केलेला गडगा उत्तम. आणि जानेवारीत गवत वाळलं की कलमांभोवती दहा-बारा फूट जमीन साफ करून घ्या. सड्यावर वणवा कुठून येतो ते कळत नाही, आणि जोपासलेली रोपं एका दुपारी जातात. कलमं जपणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठं दुःख मी पाहिलेलं नाही.

शेजारच्या काकांचं म्हणणंही खरं आहे. फणस लावाच, हद्दीला. मात्र रोप आणू नका. फणसाचं सोटमूळ दुखावलं तर झाड खुरटतं, म्हणून मे-जूनमध्ये चांगल्या फणसाची ताजी आठळी थेट जागेवर पुरा. आठळी वाळली की उगवत नाही. काप्याच्या, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या फणसाच्या, आठळीतून कापाच येईल असं नाही, हे मात्र मनाशी धरून चला. रातांबा (कोकमाचं झाड) लावावासा वाटला तर मादी झाडाचं कलमच घ्या, बियांच्या रोपांत बरीच नर निघतात. त्याला थोडी सावली चालते, म्हणून घराच्या मागच्या अंगाला तो शोभेल.

प्रश्न : आम्ही पुण्याहून पुरंदर तालुक्यात राहायला आलो. मुरमाड जमिनीत गेल्या पावसाळ्यात सीताफळाची कलमं लावली. फेब्रुवारीपासून त्यांची सगळी पानं गळून नुसत्या काड्या उरल्या आहेत. रोज पाणी घालतो, तरी पालवी नाही. उपटून दुसरी लावू का?
— एक वाचक, सासवड

उत्तर : उपटू नका हो! सीताफळाची ती पानगळ आहे, झाड विश्रांती घेतं आहे. नखाने सालीवर हलकी रेघ ओढून बघा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. रोजचं पाणी लगेच थांबवा. कलमं लहान आहेत म्हणून आठ-दहा दिवसांनी थोडं पाणी द्या, त्याहून जास्त नको. ओल सतत राहिली तर मुळं कुजतील आणि मग खरंच झाड जाईल. वळवाचे पाऊस झाले की मे-जूनमध्ये पालवी फुटेल.

मुरमाड, निचऱ्याची जमीन सीताफळाला मानवते, तेव्हा तुमची निवड योग्य आहे. जाधववाडीचं अंजीर-सीताफळ संशोधन केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे. तिथे जाऊन ‘फुले पुरंदर’ची मोठी झाडं पानगळीत कशी दिसतात ते एकदा बघून या, मनातली भीती जाईल. छाटणी करायची असेल तर ती याच दिवसांत, पालवी फुटायच्या आत करा. जमिनीपासून दोन फुटांपर्यंतच्या फांद्या काढून एकच खोड ठेवा. फळं लागायला लागली की पिठ्या ढेकणाकडे लक्ष असू द्या. मुंग्या खोडावर चढताना दिसल्या तर तो आला असं समजा.