नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्स करतोय. सगळे व्हिडिओ पाहूनही डोक्यात काही राहत नाही. रोज किती तास अभ्यास करावा?

तासांचं नंतर बघू. तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, "घरचे म्हणतात, समोर शिक्षक नसताना शिकणं जमतच नाही", त्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य माझ्या दादाने मला ऐकवलं होतं, तेही चारचौघांत.

मी तेव्हा नोकरी करता करता संख्याशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम करत होते. दादा रीतसर कॉलेजात जाऊन शिकलेला. त्याचं म्हणणं एकच, "अडलं तर विचारणार कुणाला? स्क्रीनला?" आणि नेमकी त्याच सुमारास मी अडले होते. नमुन्याचा, म्हणजे मोठ्या समूहातून उचललेल्या थोड्या आकड्यांचा, व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढताना जितके आकडे असतील तितक्यांनी न भागता त्यातून एक वजा करून का भागायचं? व्हिडिओतले सर "हे असंच असतं" म्हणून पुढे गेले. व्हिडिओ कितीही वेळा मागे घेतला तरी जे त्यांनी सांगितलंच नाही ते ऐकू कसं येणार?

मग चर्चामंचावर विचारायचं ठरवलं. "एक वजा का करतात ते समजलं नाही, कृपया सांगा" असं लिहिलं की कुणीतरी पुस्तकातलं पान चिकटवतं आणि निघून जातं, हे मी पाहिलं होतं. म्हणून आधी कागद घेतला. २, ४, ६ असे तीनच आकडे. सरासरी ४. तिथून प्रत्येक आकड्याच्या अंतराचा वर्ग केला, बेरीज ८. व्हेरियन्स ८ भागिले ३, म्हणजे सुमारे २.६७. आता यातून दोन-दोन आकडे उचलायचे, पहिला परत ठेवून मग दुसरा. अशा ९ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा व्हेरियन्स २ ने भागून काढला आणि नवांची सरासरी घेतली, तर १.३३. बरोब्बर निम्मा! तेच एक वजा करून, म्हणजे १ ने भागून केलं तर २.६७. खरं उत्तर!

प्रश्न पाठवायच्या आधीच अर्धं उत्तर हातात होतं. उरलं फक्त "असं का होतं?", तेवढंच विचारलं. एका अनोळखी मुलीने माझंच उदाहरण घेऊन समजावलं. २ आणि ४ ही जोडी घे, त्यांची सरासरी ३. तिथून अंतरांच्या वर्गांची बेरीज २. खऱ्या सरासरीपासून, म्हणजे ४ पासून मोजलं तर तीच बेरीज ४. नमुन्याची सरासरी त्याच्याच आकड्यांना चिकटून असते, म्हणून पसारा कमी भासतो. ती भरपाई करायला एक वजा. हे मी आज झोपेतून उठवलं तरी सांगेन.

भरल्या वर्गात हा प्रश्न विचारायला मी उभी राहिले असते का? मुळीच नाही. आणि दादाच्या वर्गात तरी किती हात वर होत होते? समोर शिक्षक असणं आणि त्यांना विचारणं यात फार अंतर आहे.

तुमच्या डोक्यात राहत नाही, कारण तुम्ही फक्त पाहता. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे. व्हिडिओ संपल्यावर जे "कळलं" असं वाटतं ते त्या पाच मिनिटांचं असतं. व्हिडिओ बंद करा, कोरा कागद घ्या, आठवेल ते लिहा. दोन दिवसांनी पुन्हा. अधोरेखित करणं, सुबक नोट्स उतरवणं हे सगळं मी वेळकाढूपणात धरते.

तास म्हणाल तर रोज एक तास, ठरलेल्या वेळी, दार लावून. त्यातला निम्मा व्हिडिओ, निम्मा कागद. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा अभ्यास २०१४ साली झाला, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक साधारण सहा मिनिटांपुढे टिकत नाहीत असं दिसलं. तेव्हा तुकडे करा. घरात आहात म्हणजे रिकामे आहात असं घरच्यांना वाटतं, तो वाद एकदाच घालून मिटवा.

आणि "बाहेरून केलेली पदवी म्हणजे नुसता कागद" हेही तुम्हाला कुणीतरी सुनावेलच. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून कॉलेजात न येणाऱ्यांना परीक्षेला बसू दिलं. नेल्सन मंडेला यांनी कायद्याची पदवी तुरुंगात असताना, दक्षिण आफ्रिकेच्या दूरशिक्षण विद्यापीठातून १९८९ साली मिळवली. त्यांना कुणी म्हणून दाखवावं, की हा कागद आहे!

एक मात्र कबूल. ज्या विषयात हाताने काम करायचं असतं, प्रयोगशाळा लागते, तिथे दादाचं म्हणणं खरं आहे. नुसत्या स्क्रीनवर ते येत नाही. शिवाय माझं सगळं चाललं ते चर्चामंच जिवंत होता म्हणून. फी भरायच्या आधी मंच उघडून बघा, गेल्या महिन्यात किती प्रश्न आले आणि त्यांना उत्तरं कधी मिळाली. प्रश्न तसेच पडून असतील तर संस्था कितीही नावाजलेली असो, तो कोर्स घेऊ नका.